पाण्यावरची लहर

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळपासून गच्ची घासते आहे. पावसाळ्यातलं शेवाळ वाळून त्याची काळी पापडी धरली होती. ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली, तारेच्या ब्रशनं खरवडलं, पाण्याचा एक हात झाला, दुसरा बाकी आहे. उद्या सकाळपासून काकूंचा वर्ग माझ्या गच्चीवर भरायचा आहे. घसरून कोणाचा खुबा मोडला, तर पहिल्याच दिवशी बंद पडेल. तसाही तो बंद पडायच्या बेतात आहे. काकू खाप्याला भाचीकडे राहायला गेल्या तेव्हा जाताना तो माझ्या गळ्यात टाकून गेल्या. मी नाही म्हटलं, मग दिवाळी होऊ द्या म्हटलं, आणि तेवढ्यात बायका गळायला लागल्या. एकीनं टीव्हीसमोर योगासनं सुरू केली, दोघींनी काहीच नाही. वर्गातली वंदना तेवढी नेमानं फोन करायची, "मंग कधीपासून?" शेवटी उद्यापासून, असं म्हणून बसले.

गच्ची वाळेपर्यंत हाताला काम नाही. तोवर काकूंबद्दल लिहून काढते.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दुमजली घर, आणि त्याच्या गच्चीवर रोज सकाळी त्यांचा वर्ग. वर्गाला पाटी नव्हती, फी नव्हती, नावही नव्हतं. ताय ची होतं, चीगाँग होतं, म्हणजे चिनी पद्धतीच्या संथ हालचाली, योगासनं होती, आणि बुद्धविहारात शिकलेलं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत बसणं, तेही होतं. कधी काय सुरू होईल याचा नेम नसे. नव्या बाईनं विचारलं, "काकू, हे नेमकं काय आहे?" तर त्या म्हणायच्या, "हालणं आहे. आतापर्यंत तू हालत नव्हती, नुसती इकडून तिकडं जात होती."

अंगावर सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, थंडीत कान झाकणारी माकडटोपी. चटई आणलेली चालत नसे. "जमीन काय चावते का तुले?" वंदना एकदा म्हणाली, आज मला फार पॉझिटिव्ह एनर्जी जाणवली. काकू म्हणाल्या, "ते विजेच्या बिलात पाह्यजो. इथं तुहा गुडघा वाकडा आहे."

रांगेत उभं राहायची वेळ आली की काकू गुडघे किंचित वाकवून, पाय जमिनीत रोवून उभ्या राहायच्या. बँकेतही तशाच. एका शिपायानं खुर्ची आणून दिली, तर त्यांनी ती मागच्या माणसाला दिली. शहर बसमध्ये त्या दांडी धरत नसत. कंडक्टर ओरडायचा, "माताजी, पकडो, गिर जाओगे." त्या म्हणायच्या, "तू चला गाडी. मी माही पाहतो." आणि खरंच पडत नसत. वळणावर सगळी बस एका बाजूला कलली की काकू मधोमध उभ्या, पाण्यातल्या वेलीसारख्या थोड्या इकडे, थोड्या तिकडे. भाजीवाल्याशी भांडण जुंपलं की त्यालाच सांगायच्या, "आधी श्वास सोड गा, मंग भाव बोल." तो इतका गोंधळायचा की भाव कमी करून टाकायचा.

हे संथ हालणं त्या नागपूरच्या सदर भागात शिकल्या. तरुणपणी त्या तिथल्या एका चिनी दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचं काम करत. पुढच्या खोलीत पेशंट बोंबलायचे आणि मागच्या अंगणात डॉक्टरांची म्हातारी आई, इवलीशी बाई, पाण्यात चालल्यासारखी हळूहळू हात फिरवत असायची. "पुढं इतका कल्ला अन् मागं हे. मले वाटलं, दोन दुनिया आहेत अन् मधात एक पडदा," काकू सांगायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या म्हातारीच्या मागे उभ्या राहायला लागल्या. म्हातारीला मराठी येत नव्हतं, हिंदीतले दोन शब्द येत होते: धीरे, आणि फिर से. तेवढ्यावर काकूंचं सगळं शिक्षण झालं. पुढे ते कुटुंब नागपूर सोडून गेलं. जाताना म्हातारीनं काकूंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "फिर से." काकू रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या गच्चीवर पुन्हा केलं.

एका योग दिनाला आमच्या मैदानावर मांडव घातला होता. ज्येष्ठ साधक म्हणून काकूंना स्टेजवर बसवलं, शाल दिली, आणि निवेदकानं माईक पुढे करून विनंती केली की त्यांनी दोन शब्द बोलावेत. काकू उठल्या. म्हणाल्या, "धीरे. फिर से." आणि बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कोणाला कळेना. निवेदकानं घाईघाईनं पुढच्या पाहुण्यांना बोलावलं, ते बराच वेळ बोलले.

मी काकूंकडे गेले ती मानेसाठी. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत मी तपासणी विभाग सांभाळते. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत राहतं, मुली दोष शोधतात, आणि मी त्यांचे दोष शोधते. दिवसभर मान खाली आणि आवाज वर. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. कंपनीची बस सकाळी लवकर, तिच्या आधी उरकणारा वर्ग गल्लीत तेवढा एकच.

पहिल्या दिवशी काकूंनी मला एक फेरी मारून पाहिलं, घर विकत घेणारा माणूस भिंती पाहतो तसं. म्हणाल्या, "डावा खांदा उतरव."

"उतरलेलाच आहे."

"मंग कानाले काय सांगून राहिला तो?"

बायका हसल्या. मला राग आला. खांदा माझा, कुठे आहे ते मला माहीत. पुढे कित्येक महिने हे एकच वाक्य मी ऐकलं. "खांदा उतरव वं." मी उतरवल्यासारखं करायची, त्या पुढे जायच्या.

मी शांत झाले असं गिरणीत कोणी म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र झाली. कोणावर ओरडायच्या आधी माझी जीभ टाळूला चिकटते आणि श्वास छातीच्या वरच्या टोकाशी अडकतो, हे मला दिसायला लागलं. पूर्वी राग येऊन गेल्यावर कळायचं. आता तो फाटकातून आत येतानाच दिसतो. कधी कधी मी त्याला येऊ देते. पण तेव्हाही मीच दिलेलं असतं. मुलींनी हा फरक माझ्याआधी टिपला. त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, आजकाल आधी थांबता अन् मग झापता." ही स्तुती होती असं मी धरून चालते.

काकूंची शिकवायची एक रीत होती. त्या आमच्याकडे पाठ करून पुढे उभ्या राहायच्या आणि आम्ही मागे. त्या डावा हात उचलत, आम्ही डावा. म्हातारीनंही तसंच शिकवलं होतं. सुरू झालं की मागे वळून पाहायचं नाही, हा त्यांचा पक्का नियम. खांदेबिंदे जे काय सुधारायचं ते आधी, उभं राहतानाच. "एकदा सुरू केलं का मी माहं करतो, तुम्ही तुमचं करा."

त्यांच्या हालचालींत शेवटी एक जागा होती. दोन्ही हात छातीपासून हळूहळू खाली येत कमरेच्या दोन्ही बाजूंना थांबायचे. तिथे काकूंचा उजवा हात किंचित लहरायचा. अगदी बारीक, वाऱ्यानं तळ्यावर उमटावी तशी लहर. आम्हाला ती फार आवडायची. वंदनानं तिचं नाव ठेवलं, पाण्यावरची लहर. ती सांगायची की त्यानं श्वास बोटांच्या टोकापर्यंत उतरतो. आम्ही घरी सराव केला. मी कंपनीच्या बसमध्येही करायची. शेजारच्या बाईंनी एकदा मला शाल देऊ केली. आणि खोटं कशाला सांगू, मला त्यानं बोटांत ऊब जाणवायची.

मागच्या वर्षी काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाकायचं नाही, झटका बसू द्यायचा नाही असं बजावलं. घरी बसतील तर त्या काकू कसल्या. काळा चष्मा लावून त्या गच्चीवर आल्या, मागच्या भिंतीशी स्टुलावर बसल्या, आणि मला म्हणाल्या, "तू पुढं हो. उंच आहे, सगळ्याइले दिसते." मी पुढे झाले.

नवीन डोळ्यानं त्या आपला वर्ग पहिल्यांदाच मागून पाहत होत्या. आम्ही सगळं नीट केलं. शेवटी हात खाली आले, कमरेच्या बाजूंना थांबले, आणि मागून आवाज आला, "थांबा."

आम्ही थांबलो.

"हात काहून हालवून राहिल्या?"

 वंदना म्हणाली, "काकू, ती लहर."

"कोणती लहर?"

"पाण्यावरची. श्वास बोटांत उतरतो ती."

"कोणी शिकवली?"

"तुम्हीच."

मी वळून पाहिलं. काकूंनी चष्मा काढला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की काढायचा नाही. त्या आपल्या मांडीकडे पाहत होत्या. उजवा हात पातळावर पडला होता आणि लहरत होता. त्यांनी डाव्या हातानं तो दाबून धरला. सोडला. पुन्हा लहरायला लागला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकीच्या हाताकडे, आणि मग परत आपल्या.

मला त्या क्षणी गिरणीतलं टेबल आठवलं. कापडात एकच दोष ठरावीक अंतरावर परत परत दिसला, तर तो सुताचा नसतो. वरच्या कुठल्या तरी रोलरचा असतो. हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. आणि इथे रोज सकाळी तोच दोष माझ्या दोन्ही बाजूंना ओळीनं उमटत होता आणि मला तो दिसला नव्हता, कारण मी स्वतः त्याच थानातलं कापड होते.

काकू म्हणाल्या, "घरी जा आज." मग पायऱ्यांपर्यंत गेलेल्या आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात, "नशीब, खोकला नाही शिकवला."

दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आजी, हात कधीपासून थरथरतो?"

"मले नाही माहीत. माह्या वर्गाले विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की वंदना वर्गात आली तेव्हा लहर होती, मी आले तेव्हाही होती, म्हणजे निदान तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, लहर म्हणजे? मी हात पुढे करून दाखवली. ते माझा हात धरून निरखायला लागले. "तुम्हालाही होतं का हे?"

"नाही. मला शिकवलंय."

काकू हसल्या. पोट धरून हसल्या, आणि बाहेर बसलेले पेशंट डोकावून पाहायला लागले. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, नाव लिहायला लावलं. अक्षरं शेवटाकडे बारीक होत गेली. डॉक्टरांनी सांगितलं की हा कंपवात आहे, गोळ्या घ्याव्या लागतील, बरा होत नाही पण आटोक्यात राहतो. आणि म्हणाले, "तुम्ही हे जे हळू हळू करता ना, ते सोडू नका. इतके दिवस त्यानंच तुम्हाला उभं ठेवलंय."

बाहेर बाकावर बसून आम्ही गोळ्यांची वाट पाहत होतो. काकू आपला उजवा हात निरखत होत्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं श्वास पाहून राहिली मी. कुठून येते, कुठं जाते, सारं पाह्यलं. अन् हात नाही दिसला."

मी म्हटलं, "डोळे नीट नव्हते."

"डोळ्याचं नाव नको घेऊ. मी मागं वळूनच पाह्यलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हातारीचा एक पाय जरासा घासत चालायचा. मीही तसाच घासतो. कोण जाणे तो ताय चीचा होता का तिच्या गुडघ्याचा."

दुसऱ्या आठवड्यापासून वर्गाची रीत बदलली. काकूंनी आम्हाला एकमेकींकडे पाठी करून, चहूदिशांना तोंडं करून उभं केलं, डोळे मिटायला लावले, आणि स्वतः स्टुलावर बसून नुसतं बोलून शिकवायला लागल्या. "माह्याकडं पाहायचं नाही. आपल्या आत पाहा." परिणाम असा झाला की वंदना माझ्या पायावर उभी राहिली आणि एक बाई डोळे मिटून थेट पाण्याच्या टाकीला भेटली. काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता टाकी कुठं आहे ते कधी विसरणार नाही ती." काही दिवसांनी टकरा कमी झाल्या, पण त्यात कोणाचं मन लागेना. मग तडजोड ठरली: अर्धा वेळ डोळे मिटून, अर्धा वेळ मी पुढे आणि काकू मागे. काकूंच्या गोळ्या लागू पडायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ आम्हाला ती थरथर विसरायला लागला.

या उन्हाळ्यात त्यांना पायऱ्या जड जायला लागल्या. खाप्याला त्यांच्या भाचीचं तळमजल्याचं घर आहे, पुढे मोठं अंगण. जायचं त्यांनीच ठरवलं. गल्लीतल्या बायका हळहळायला लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "मले कोणी पाठवून नाही राहिलं. मी जाऊन राहिली. कन्हान नदीच्या काठानं सपाट रस्ता आहे, मी पाहून आली."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. सामान बांधून झालं होतं, स्टूल तेवढं बाहेर होतं. म्हणाल्या, "हे तू ने. वर्ग तू घे."

मी सरळ सांगितलं, "मला जमणार नाही. मला चुका काढता येतात, शिकवता येत नाही. आणि तुमचा हात मला इतके दिवस दिसला नाही. उद्या मी काय काय शिकवीन त्या बायकांना, कोणाला कळणार?"

"कळंन ना. त्यासाठीच स्टूल दिलं."

"काकू, मी थट्टा नाही करत आहे."

"मीही नाही. म्हातारीच्या मागं कोणी बसलं नाही, माह्या मागं कोणी बसलं नाही. तू बसजो. अधूनमधून दुसरीले पुढं कर अन् मागं जाऊन पाह्य. पुढं उभं राहून आपलं आपल्याले दिसत नाही, किती का श्वास पाह्य." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अन् खांदा उतरव."

"उतरलेला आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वाद घातला नाही. काकूंनी वाद घातला नाही अशी ती एकच वेळ, आणि तीच मला त्रास देत राहिली आहे. मी स्टूल घरी आणलं, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले, आणि दिवाळी होऊ द्या म्हटलं.

दुसरा हात मारून झाला. यांना पाइप धरायला वर बोलावलं होतं. ते म्हणाले, "तू गिरणीत बोलते तशी नको बोलू त्यांच्याशी, सगळ्या पळतील." म्हटलं, "तुम्ही पाइप नीट धरा." स्टुलावरचे कपडे काढून ते वर आणून भिंतीशी ठेवलं आहे. गच्ची कोरडी आहे. पाय घासून पाहिला, घसरत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. वंदना सगळ्यांच्या आधी आली. मग एकेक करत बाकीच्या, टीव्हीवालीही आली. थोडी थंडी होती, दोघींनी माकडटोप्या घातल्या होत्या. मी पुढे उभी राहिले, त्यांच्याकडे पाठ करून, आणि सुरू केलं. पायांखाली गच्ची खरखरीत लागत होती. अर्ध्यापर्यंत सगळं बरं चाललं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं.

मग मी वंदनाला म्हटलं, "तू पुढे हो." मागे गेले आणि काकूंच्या स्टुलावर बसले.

हात वर गेले, हळूहळू खाली आले, कमरेच्या बाजूंना थांबले. एकीचाही हात थरथरला नाही. खांदे मात्र दिसत होते. पहिल्या ओळीतही, दुसऱ्या ओळीतही, प्रत्येकीचा डावा खांदा वर, कानाला लागलेला. पर्स आणि डबा वर्षानुवर्षं ज्या खांद्याला लावून मी बसची वाट पाहते, तो. ठरावीक अंतरावर, न चुकता.

"थांबा," मी म्हटलं.

वंदना वळली. "काहून? चुकलं का?"

"डावा खांदा उतरवायचा आहे."

"कोणाचा वं?"

"माझा," मी म्हटलं, आणि उतरवला. बराच खाली गेला. उठून पुढे आले, त्यांच्याकडे पाठ केली.

"धीरे," मी म्हटलं. "फिर से."